संपतची वाढीव वॉरंटी

"साहेब, दोन वर्षांनंतर काय?" सेल्समनने आवाज उतरवून विचारलं. ऑपरेशननंतर डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात, तसा.

"दोन वर्षांनंतर आपण तरी कुठं असू कुणाला ठाऊक," बबन बर्गे म्हणाला. "तुम्ही गाडीचं काय घेऊन बसलाय?"

गुढीपाडव्याचा दिवस होता. साताऱ्यातल्या एका शोरूमच्या दारात आमच्या चार मोटारसायकली हार घालून उभ्या होत्या. चारही काळ्या, एकाच मॉडेलच्या. चार एकदम घेतल्या म्हणून हेल्मेटं फुकटात मिळाली होती आणि सीट कव्हरांवर बोलणी चालू होती. आम्ही चौघं कोरेगावचे, एकाच भिशीतले. बबनची पिठाची गिरणी. फाळके गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत. संपत माने दूध डेअरीत. आणि मी पतसंस्थेत वसुलीला, म्हणजे लोकांच्या दारात उभा राहून त्यांच्या चेहऱ्यावरून शिल्लक ओळखायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा.

"कंपनीची वॉरंटी दोन वर्षं," सेल्समन म्हणाला. "वाढीव घेतलीत तर पाच. एका गाडीला फक्त साडेतीन हजार. इंजिन, गिअरबॉक्स, काही झालं तरी..."

"थांबा!" गुरुजी ओरडले. "मुहूर्तावर गाडी मोडायची भाषा? अजून नारळ फुटायचाय."

सेल्समन गोंधळला. पुढची दहा मिनिटं त्या पोराने 'बिघाड' हा शब्द न उच्चारता वॉरंटी विकायचा जो प्रयत्न केला, तो बघण्यासारखा होता. "समजा, गाडीला जरा वेगळं वाटायला लागलं..." असं तो म्हणाला, तेव्हा संपतला दया आली आणि त्याने खिशात हात घातला. मी तो हात धरला.

"एक सांग," मी सेल्समनला म्हणालो. "चार गाड्यांतल्या किती बिघडतात?"

"एखादीच, साहेब. आपल्या गाडीला कंप्लेंटच नाही."

"म्हणजे चौघांकडून घ्यायचे आणि एकाचं दुरुस्त करायचं. बाकीचे कुठं जातात?"

त्याने नकळत वर एसीकडे बघितलं. मीही बघितलं. मग बाकीच्या तिघांनीही बघितलं.

"आपण भिशी चालवतो का नाही?" मी मित्रांना म्हणालो. "मग हीच भिशी समजा. दर महिन्याला थोडे टाकायचे. तिसऱ्या वर्षापासून ज्याची गाडी बिघडेल त्याला त्यातून द्यायचे. पाच वर्षांनी उरतील ते वाटून घ्यायचे. आपणच कंपनी."

तिघांच्या तोंडावर असं तेज आलं, की जणू आम्ही मोटारसायकली नाही, अख्खं शोरूमच विकत घेतलंय. आम्ही निघताना सेल्समन मात्र हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या कंपनीला गिऱ्हाइकाची माहिती नसते, म्हणून ते चालतं." त्याचं बोलणं मी धंद्याचा जळफळाट म्हणून सोडून दिलं.

आता यातली गंमत अशी, की आमची कंपनी तिसऱ्या वर्षापासून जबाबदार होती. पहिली दोन वर्षं बिघाड झालाच तर तो खऱ्या कंपनीच्या खात्यावर. म्हणजे दोन वर्षं आम्हाला काडीचंही काम नव्हतं. पण बबनला ते पटेना.

"आज घाट चढलेल्या गाडीला तिसऱ्या वर्षी दम लागतो," तो म्हणाला. "रोग आत्ताच शिरतो. दिसतो नंतर."

मग दर रविवारी सकाळी माझ्या घरासमोर चारही गाड्या ओळीने उभ्या राहू लागल्या. बबन वाकून मीटर वाचायचा, चेनला बोट लावून हुंगायचा, सायलेन्सरपाशी कान न्यायचा. गुरुजी नियम करायचे. घाट चढायचा तर चौघांची परवानगी. मेव्हण्याला गाडी द्यायची नाही. वरातीपुढे पहिल्या गिअरमध्ये चालवायची नाही. गुरुजींच्या सख्ख्या भाच्याचं लग्न होतं, तर ते गाडी घरी ठेवून नवरदेवाच्या मागून चालत गेले, आणि ती गोष्ट पुढे महिनाभर वर्गात उदाहरण म्हणून सांगत होते. मी स्वतः गाडीवरून गव्हाचं पोतं नेलं म्हणून मला समज मिळाली. पोतं बबनच्याच गिरणीत चाललं होतं, तरी मिळाली.

संपत तेवढा जास्त फिरायचा. दर शनिवारी दुपारी त्याचे साताऱ्याचे किलोमीटर पडायचे. गुरुजींनी विषय काढला तेव्हा बबन म्हणाला, "ते मी बघतो." आणि बघून आल्यासारखा गप्प बसला. बबन एखाद्या गोष्टीवर गप्प बसला, याचा अर्थ मी तेव्हाच लावायला हवा होता. पण नेमकी वसुलीची घाई होती.

थंडी पडली, आणि एके दिवशी संपतची बायको शैला माहेरी निघून गेली.

कोरेगावात कारण पोचायला वेळ लागत नाही. दर शनिवारी नवरा कपडे बदलून जातो, तिन्हीसांजेला येतो, झोपतानासुद्धा कानटोपी काढत नाही, आणि त्याच्या कॉलरला बाईमाणसाच्या तेलाचा वास असतो. जास्वंद, वाळा, असलं काहीतरी. कुठं गेला होतात विचारलं तर म्हणतो, काम होतं. काय काम, तर गप्प. तिने तीन-चार शनिवार सोसलं आणि पिशवी भरली.

तिच्या वडिलांचा, तात्या गोळे यांचा निरोप आला. येत्या रविवारपर्यंत जावयाने स्वतः येऊन खुलासा केला तर ठीक. नाहीतर सोमवारी टेम्पो पाठवतो, लेकीची भांडी भरून द्या.

भांडी परत जातात म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याने लग्न करू नये.

"मला उद्या जायला पायजे," संपत शनिवारी आमच्यापुढे उभा राहून म्हणाला. त्या आठवड्यात तो साताऱ्याला गेला नव्हता. डोक्यावरची कानटोपी त्याने भुवयांपर्यंत ओढली होती. "पाचगणीच्या अलीकडं गाव हाय. पसरणीचा घाट चढावा लागंल. परवानगी द्या."

"एसटीने जा," गुरुजी म्हणाले.

"एसटीनं गेलो तर मामा पयलं हेच इचारतील, नवी गाडी कुणाला देऊन आलास? आन् शैला काय समजंल?"

यात तथ्य होतं. बबनने गाल खाजवला. "घाट मोठा हाय," तो म्हणाला. "आन् येताना दोन माणसं. वैनीची ट्रंक."

"माझा संसार चाललाय, बबन!"

"मी कुठं नाही म्हणतोय? मी फक्त इंजिनाचं बोलतोय."

शेवटी असं ठरलं, की संपतला परवानगी द्यायची, पण कंपनीने सोबत जायचं. गाडी कशी चालवतो, ते डोळ्यांनी बघायचं. मीही हो म्हणालो. वसुलीच्या धंद्यात एक गोष्ट कळते, माणूस सासऱ्याच्या दारात कसा उभा राहतो हे बघायला मिळालं तर सोडू नये.

रविवारी सकाळी चार काळ्या मोटारसायकली निघाल्या. वाई सोडून घाटाला लागलो आणि दुसऱ्या वळणावर बबनने हात वर केला. चौघं थांबलो. बबन उतरला, संपतच्या इंजिनाजवळ पालथा हात नेला, जसा आई लेकराच्या कपाळाशी नेते.

"निवू दे."

निवू दिलं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वळणावर पुण्याची एक गाडी थांबली, काच खाली झाली. "काय झालं? बिघडली का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "बिघडू नये म्हणून थांबलोय."

काच वर गेली. मागच्या सीटवरची मुलगी लांब जाईपर्यंत वळून आमच्याकडे बघत होती.

"अरे, भांडी जातील माझी!" संपत कळवळला. "तात्या बारापर्यंत वाट बघतील आन् मग शेतात जातील."

"मग दुसऱ्या गिअरवर चल," बबन म्हणाला. "तिसरा टाकशील तर खबरदार."

पोचलो तेव्हा गोळ्यांच्या अंगणात स्ट्रॉबेरीची तोड येऊन पडली होती. दोघी-तिघी बाया खाली बसून फळं निवडत होत्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरत होत्या. तात्या खाटेवर बसले होते. सहा फूट माणूस, अंगात स्वेटर, हातात तराजूचं वजन. ते नुसतंच हातात होतं, पण संपतने त्याच्याकडे तीनदा बघितलं.

"या जावईबापू," तात्या म्हणाले. "फौज आणलीत?"

"मित्र हायत, मामा."

"बरं झालं. भांडी उचलायला माणसं लागणारच होती."

बबन या वेळात संपतच्या गाडीखाली वाकून तेल ठिबकतंय का बघत होता. तात्यांनी ते बघितलं आणि वजन बाजूला ठेवलं. मला वाटतं, इथंच त्यांचा आमच्याविषयीचा अंदाज चुकायला लागला.

शैला बाहेर आली. हात कोपरापर्यंत लाल, फळांनी. आम्हाला बघून तिने पदर खोचला.

"वहिनी," मी म्हणालो, "आम्ही सांगायला आलोय की..."

"भावजी, तुम्ही थांबा. ह्यांना सांगू दे. शनिवारी कुठं जाता?"

संपतने जमिनीकडे बघितलं. "साताऱ्याला."

"ते मीटर सांगतं. कुणाकडं?"

संपत गप्प. मला त्याचा राग आला. कर्जदारसुद्धा इतका वेळ गप्प बसत नाही, काहीतरी खोटं तरी बोलतो.

फाळके गुरुजी पुढे झाले. "वहिनी, मी संपतला लहानपणापासून ओळखतो. एका बाकावर बसलोय. माणूस सोन्यासारखा आहे. माझा शब्द घ्या."

"गुरुजी," शैला म्हणाली, "तुमच्या शाळेच्या दाखल्यावर आजपर्यंत एका तरी पोराची वर्तणूक 'वाईट' लिहिलीय का?"

फळं निवडणाऱ्या बायांपैकी एक फिसकन हसली. गुरुजी मागे आले.

"मित्र मित्राचं बरंच सांगणार," शैला म्हणाली. "सांगायला काय पैसे पडतात?" मग तिचं लक्ष अंगणातल्या चार गाड्यांकडे गेलं, आणि ती जरा वेळ तिकडेच बघत राहिली. "भावजी, तुम्ही गाड्यांची कंपनी काढलीय ना? बिघडली तर सगळ्यांनी भरायचं?"

"हो. म्हणजे तिसऱ्या वर्षापासून," मी म्हणालो.

"मग ह्यांचीपण घ्या."

"कुणाची?"

"माझ्या नवऱ्याची. लग्नाला सहा वर्षं झाली, कंपनीची मुदत कधीच संपली. वाढीव वॉरंटी द्या. लिहून. हे बिघडले तर तुम्ही तिघांनी मला दरमहा चार हजार द्यायचे. मी तात्यांकडं राहीन, पण तुमच्या पैशावर राहीन. देता लिहून? तर मी आत्ता येते. नसाल देत, तर भांडी उद्या."

तात्यांना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी खाटेवर आमच्यासाठी जागा केली.

"दरमहा... किती वर्षं?" बबनने विचारलं.

"आयुष्यभर."

"वैनी, गाडीला पाचच वर्षं दिलीत आम्ही!"

"पाच वर्षांचा नवरा कुणी करतं का, बबन भावजी?"

संपतने आमच्याकडे बघितलं. त्या नजरेत सगळं होतं, भांडी, टेम्पो, रिकामं घर. एका ओळीचा प्रश्न होता. खरा मित्र असता तर म्हणाला असता, कुठं सही करू? मी खरा मित्र होतो. पण मी वसुलीचा माणूसही होतो.

"अटी ठरल्याशिवाय सही नाही," माझ्या तोंडून गेलं.

"बरोबर," बबन म्हणाला. "काय काय लागू नाही, ते आधी लिहा."

तात्यांनी एका खोक्याचं झाकण फाडून दिलं. गुरुजींनी खिशातलं पेन काढलं. अक्षर सुंदर, वर 'श्री' घातलं.

"घोरणं लागू नाही," मी सुरुवात केली. "ते मूळचं आहे. भिशीच्या सहलीला आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

"ते मी रोज ऐकते," शैला म्हणाली. "लिहा."

"आईसमोर ह्याचं तोंड उघडत नाही," बबन म्हणाला. "त्यावरून भांडण झालं तर आम्ही जबाबदार नाही. तोही मूळचाच दोष."

"लिहा."

"दिवाळीचे तीन दिवस पत्ते," मी म्हणालो. "वर्षभर नाही खेळत, पण ते तीन दिवस सांगता येत नाही."

"हरतात किती?"

"वगळा म्हटलं की वगळा. आकडा कशाला?"

"बरं. पुढं?"

"चुलतभावाला उसने देतो आणि मागत नाही," मी म्हणालो. हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं. संपतने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याच्या खिशात हात घातलाय. पण दरमहा चार हजारातला माझा तिसरा हिस्सा डोळ्यापुढे नाचत होता, आणि अशा वेळी आठवणशक्ती फार तल्लख होते.

गुरुजी लिहिता लिहिता थांबले. "एक माझंही लिहितो. दहावी तिसऱ्या वेळेला."

"काय?" शैला म्हणाली.

"म्हणजे मुलांच्या अभ्यासाची वगैरे जबाबदारी आली, तर शैक्षणिक बाबतीत..."

"तिसऱ्या? आमच्याकडं बघायला आलात तेव्हा पहिल्या म्हणाला होतात!"

"मामा म्हणाले होते," संपत पुटपुटला. "माझे सख्खे मामा. हे न्हवं."

"गुरुजी, एका बाकावर बसलो म्हणालात. मग तुम्हीपण?"

"मी दुसऱ्या वेळेला," गुरुजी खालमानेने म्हणाले आणि झाकणावर वाकून लिहू लागले.

अंगणात काम पूर्ण थांबलं होतं. बायांनी फळं सोडून हात गुडघ्यांवर ठेवले होते. तात्यांनी एक खोकं आमच्यापुढे सरकवलं होतं, आणि आम्ही तिघं स्ट्रॉबेरी खात खात मित्राचा एकेक पुर्जा उघडा करत होतो. भात करपला तरी खातो पण तोंड पाडतो, लागू नाही. देवळात चपला विसरून येतो, लागू नाही. म्हशीला घाबरतो, डेअरीत असूनही, लागू नाही. संपत मधोमध उभा होता. दर वाक्याला कानटोपी जरा खाली ओढत होता.

मग बबन थांबला. दोन फळं खाल्ली. त्याच्या मनात काहीतरी चाललं होतं, त्याचे ओठ हलत होते. बबन हिशेब तोंडाने करतो.

"एक ऱ्हायलं," तो म्हणाला. "केस."

"बबन्या," संपत म्हणाला. "नको."

"मला माफ कर, संपत. दरमहा चार हजार हाय रं."

"तू जात्यावर हात ठेवून शपथ घेतलीस!"

"तवा फुकट व्हती शपथ." बबन शैलाकडे वळला. "वैनी, लिहून घ्या. केस उगवले न्हाईत, किंवा उगवून गेले, किंवा त्यापायी हा पठ्ठ्या कर्जबाजारी झाला, तर कंपनी जबाबदार न्हाई. साताऱ्यात एक बाई तेल चोळून केस उगवून देती. बाई म्हंजे म्हातारी, मिशा हायत तिला. दर शनिवारी दोन तास. मी मागं जाऊन बघितलंय. मला वाटलं व्हतं, गाडीवरनं दुधाचे कॅन नेतोय की काय. तर हा खुर्चीवर, डोक्याला फडकं गुंडाळून, डोळं मिटून बसलेला."

एका बाईच्या हातातली स्ट्रॉबेरी खाली पडून घरंगळत संपतच्या पायापाशी आली.

"टोपी काढा," शैला म्हणाली.

"शैला..."

"काढा."

संपतने टोपी काढली. मी त्याला बऱ्याच दिवसांनी उघड्या डोक्याचा बघत होतो. मागे पुढे पूर्वीसारखंच होतं, म्हणजे नव्हतंच. पण मधोमध, तेलाने चकाकणाऱ्या डोक्यावर, नुकत्या फुटलेल्या पिलाच्या पाठीवर असते तशी बारीक लव उभी होती. थंड वाऱ्याने ती हलली. सगळ्यांना दिसली.

"तू त्या दिवशी लग्नाचा अल्बम बघत व्हतीस," संपत म्हणाला. जमिनीशीच बोलत होता. "म्हणालीस, किती केस होते ह्या माणसाला. फोटोवर बोट फिरवत व्हतीस. मला वाटलं... एकदम उगवले की सांगू."

शैलाने लाल हात तोंडावर धरला. गालाला रंग लागला. ती हसतेय की काय, ते मला कळेना, कारण तिने पाठ वळवली होती आणि खांदे हलत होते. तात्या अवघडून वजनाशी खेळायला लागले.

ती वळली तेव्हा डोळे ओले होते, पण आवाज सरळ होता. "बबन भावजी, यादीत बाई नाही लिहिली."

"कुठली बाई?"

"कुठलीही. घोरणं वगळलंत, चपला वगळल्या, म्हस वगळलीत. बाईच्या भानगडीवरून मी परत आले, तर तुम्हाला आयुष्यभर पैसे पडतील. तेवढं एक वगळायचं सुचलं नाही?"

बबनला प्रश्नच कळेना. त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "ते कशाला वगळायचं? तिथं धोकाच न्हाई. वैनी, मी दर रविवारी मीटर वाचतोय. शनिवारचे किलोमीटर दर खेपेला तेवढेच. जाताना तेवढेच, येताना तेवढेच. बाईकडं जाणारा माणूस सरळ रस्त्यानं जात न्हाई. ओळखीचं कुणी भेटंल म्हणून लांबनं जातो. मीटर गडबडतं."

"तुम्हाला बरंच ठाऊक आहे," तात्या म्हणाले.

बबनने पटकन एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली.

"ऐकलंत, तात्या?" शैला म्हणाली. "हे लोक घाटात दर वळणाला थांबून गाडीला हात लावत आलेत, खालच्या गावातनं फोन आला होता मला. पैशाच्या बाबतीत असली माणसं. ह्यांनी जे वगळलं नाही, ते नाहीच." ती आत जायला निघाली. "चहा टाकते. ट्रंक भरायचीय."

"आणि सही?" गुरुजींनी झाकण वर धरलं.

"सही कशाला, गुरुजी? मला कागद नको होता. मला तुम्हाला वगळताना ऐकायचं होतं."

मी वसुलीत वीस वर्षं काढली आहेत. माझ्याकडून इतक्या सहज कुणी काही वसूल केलं नव्हतं.

परतताना संपतच्या गाडीवर शैला, ट्रंक, आणि तात्यांनी दिलेली स्ट्रॉबेरीची चार खोकी होती. एवढं वजन नियमात बसत नव्हतं. बबन ते बघून तोंड उघडणार होता, तेवढ्यात शैलाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने हेल्मेटची काच खाली केली. संपतने टोपी घातलीच नाही. थंडी कडाक्याची, आणि हा उघड्या डोक्याने, हेल्मेट कोपरात अडकवून. घाटाच्या तोंडाशी शैलाने त्याच्या पाठीत बुक्की मारली तेव्हा कुठं त्याने हेल्मेट चढवलं. मग त्याने गाडी चौथ्यात टाकली आणि आम्हाला मागे सोडून गेला. बबन नुसता हळहळत राहिला.

घरी पोचलो तेव्हा रोहिणी, माझी बायको, ओट्यावर बसली होती. तिच्या मांडीवर फोन होता. शैलाने वाईत चहाला थांबून सगळं सांगितलं असणार, कारण रोहिणीने मला काहीच विचारलं नाही. तिने पाणी दिलं. मी प्यालो.

"म्हशीला घाबरतात म्हणे संपत भावजी," ती म्हणाली.

"हं."

"आणि दहावी तिसऱ्या वेळेला."

"गुरुजी दुसऱ्या वेळेला," मी विषय बदलायचा प्रयत्न केला.

"येत्या रविवारी तिघांना जेवायला बोलावते," ती भांडं घेऊन आत जाता जाता म्हणाली. "पुरणपोळी करते. तुमचीपण एक वॉरंटी काढून टाकू. खोक्याचं झाकण ठेवलंय मी."

तो आठवडा मी नीट झोपलो असं म्हणता येणार नाही. मी स्वतःला गुणी माणूस समजत आलोय, आणि आजही समजतो. पण बबन, गुरुजी आणि संपत पुरणपोळीचा तिसरा घास घेता घेता माझ्याबद्दल काय काय वगळतील, याची मनात यादी करायला बसलो तर ती मलाच आवरेना. त्यातून संपतला तर उट्टं काढायचं होतं.

शनिवारी दुपारी मी बबनच्या गिरणीत गेलो. गिरणी बंद होती. बबन पिठाच्या पोत्यावर बसला होता, समोर आमच्या कंपनीचे पैसे चार सारख्या ढिगांत मांडलेले होते. शेजारच्या पोत्यावर फाळके गुरुजी बसले होते, हातात आपला ढीग घेऊन.

"मी म्हणत होतो," गुरुजींनी माझ्याकडे न बघता सुरुवात केली, "की मोठ्या कंपनीचीच वॉरंटी घेतलेली बरी. वर्षाच्या आत घेता येते म्हणे."

"मीपण तेच म्हणायला आलो होतो," मी म्हणालो.

बबनने माझा ढीग माझ्याकडे सरकवला. "शैलावैनीनी आमच्या मंडळींना पण फोन केला व्हता," तो म्हणाला. "पुरणपोळी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडं बासुंदी हाय म्हणं."

"आमच्याकडे श्रीखंड," गुरुजी म्हणाले.

मी पैसे न मोजता खिशात घातले. आयुष्यात पहिल्यांदाच. मग आम्ही तिघं गिरणीच्या मागच्या दाराने, एकेक करून, वेगवेगळ्या गल्ल्यांनी घरी गेलो, आणि कंपनी का मोडली ते कुणी कुणाला विचारलं नाही.